कुऱ्हाडीची पाचर

बापूजींच्या घरची कुऱ्हाड सुनेच्या हातात असते, हे भीमपूरकडच्या त्या गावात साऱ्यांना ठाऊक होतं. त्याचं आता कुणाला नवलही वाटत नव्हतं. गाडी उलटून बापूजींचा उजवा खांदा कायमचा अधू झाला, त्याच वर्षी थोरली सून बयनाबाई घरात आली. सासू आधीच वारलेली. नवरा यशवंतराव दिवसभर कपाशीच्या वावरात, धाकटा दीर अमृतराव शिकायला आदिलाबादेत, आणि नणंद रेणुका अजून परकर नेसणारी. चुलीला लाकूड तर रोज लागायचं. मग बापूजींनी अंगणातल्या खाटेवर बसून सांगावं आणि बयनाबाईनं फोडावं, असं सुरू झालं. कुठं गाठ आहे, कुठून चीर गेली आहे, घाव कुठं टाकायचा, हे ती वर्षभरात शिकली. पुढं शेजारणी आपल्या विळ्या-कुऱ्हाडी तिच्याकडं धारेला आणू लागल्या. पाहुणा आला की बापूजी मिशीतल्या मिशीत हसत सांगायचे, "आमच्या घरी लाकडं बयना फोडते. मानसाले लाजवते."

एवढं एक वाक्य बयनाबाईला पुरत होतं. मूलबाळ झालं नव्हतं, माहेर दूर होतं, यशवंतराव अबोल. पण ते वाक्य तिचं होतं.

मग अमृतरावाचं लग्न झालं आणि कुसुम आली.

कुसुम बेल्लमपल्लीची. तिचे वडील खाणीच्या लाकूडवखारीत कामाला होते. खाली कोळशात जे खांब टेकू म्हणून लावतात, ते तासायचं त्यांचं काम. वसाहतीतल्या क्वार्टरच्या मागं अंगणात त्यांनी लेकीलाही कुऱ्हाड धरायला शिकवलं होतं. हे लग्न ठरताना कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

आल्याला आठवडा झाला नसेल. बयनाबाई रोजच्यासारखी अनवाणी लाकडं फोडत होती. कुसुम ओट्यावरून पाहत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाई, पायात काई घालून फोडत जा ना. वखारीत उघड्या पायानं कोनाले कुराड उचलू देत नाहीत."

"आजवर कुटं पाय तुटला माझा?" बयनाबाई म्हणाली.

"तुटला नाही, हे चांगलंच झालं," कुसुम सरळपणानं म्हणाली.

बापूजी खाटेवरून ऐकत होते. त्यांनी त्याच दिवशी यशवंतरावाचे जुने बूट काढायला लावले. बयनाबाईनं ते घातले. बुटात तिचे पाय हलत होते, आणि त्याहून जास्त तिचं मन हलत होतं. इतकी वर्षं अनवाणी फोडली, तेव्हा सासऱ्याला तिचे पाय दिसले नव्हते. परवा आलेल्या पोरीनं एकदा म्हटलं, आणि दिसले.

पुढं असं होतच राहिलं. कुसुम काम झाल्यावर कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवायची नाही, पात्याला गोणपाट बांधून आढ्याच्या खुंटीला टांगायची. दांड्याला जवसाचं तेल चोळायची. बयनाबाई धार लावायची ती दगडावर, पाणी शिंपडून. कुसुमनं नवऱ्याकडून आदिलाबादच्या बाजारातली कानस मागवली. कुऱ्हाड गुडघ्याखाली दाबून ती धारेच्या दोन्ही अंगांना सारखी कानस फिरवायची, मग शेवटचा हात दगडाचा. पहिल्यांदा तिनं अशी धार लावली तेव्हा बापूजींनी पातं मागून घेतलं. अंगठा धारेवर आडवा फिरवला.

"अशी धार या घरात पयल्यांदा पायली," ते म्हणाले.

बयनाबाई जात्यावर ज्वारी दळत होती. तिचा हात थांबला नाही. पण 'पयल्यांदा' हा शब्द त्या दिवसापासून तिच्या पोटात खड्यासारखा बसला. मग आपण इतकी वर्षं लावली ती काय होती? कुसुम कुऱ्हाडीला तेलुगूत 'गोड्डली' म्हणायची. बापूजींना त्या शब्दाची गंमत वाटू लागली. "जरा गोड्डली आन वं पोरी," असं ते म्हणायचे. थोरलीला त्यांनी कधी पोरी म्हटलं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून सूनबाईच होती.

वाईट म्हणावं तर कुसुम वाईट नव्हती. बयनाबाईला तापाची कणकण आली की तीच भाकरी थापायची. पण बयनाबाईला तिच्यात खोट सापडेना, आणि खोट सापडत नाही म्हणून ती आणखी जळायची. कुसुमच्या हातून दूध उतू गेलं की तिला बरं वाटायचं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची. ती किळसही ती कुसुमच्याच खात्यावर मांडायची.

रेणुकाचं लग्न वैशाखात ठरलं. स्वयंपाकाला लाकूड पुष्कळ लागणार होतं. बांधावरची वाळलेली बाभूळ यशवंतरावानं तोडून गाडीनं आणून टाकली. उन्हाळा असा होता की घरातलं लाकूडही आकसलं होतं, दाराच्या फळ्यांत फटी पडल्या होत्या. त्या सकाळी अंगणात पापडांचा घाट होता. शेजारच्या विमलबाई, प्रयागबाई, आणखी दोघीचौघी येणार होत्या. त्या येण्याआधी चार लाकडं फोडून ठेवावीत म्हणून बयनाबाईनं कुऱ्हाड खुंटीवरून काढली.

पातं हललं.

तिनं कुऱ्हाड कानाशी नेऊन हलवली. आत टकटक वाजलं. दांडा उन्हानं सुकून बारीक झाला होता. वरच्या तोंडाशी ठोकलेली बांबूची पाचर इतकी सैल होती की बोटांनी धरताच बाहेर आली. नवी जाड पाचर ठोकायला हवी, तोवर कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती बापूजींना हाक मारणारच होती, तोच अंगणातून त्यांचा आवाज आला.

"कुसुम, आज लाकडं तू फोड. साऱ्याजनी येऊन राह्यल्या, त्यायले बी पाहू दे बेल्लमपल्लीची गोड्डली."

बयनाबाई कुऱ्हाड हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं पाचर कनवटीला खोचली. बाहेर आली आणि कुऱ्हाड कुसुमच्या हातात दिली.

"घे," एवढंच म्हणाली.

तिनं फार पुढचा विचार केला नव्हता. घाव घालताना पातं निसटून मातीत पडेल, बायका हसतील, बापूजींचं तोंड उतरेल, बस. एकदा तिची फजिती व्हावी, एवढंच तिला हवं होतं. ती पोळपाट घेऊन जमलेल्या बायकांत बसली. हात लाटत होते, डोळे ओंडक्याकडं होते.

कुसुमनं बूट घातले. पदर खोचला. ओंडका नीट बसवला, पाय फाकून उभी राहिली आणि बायकांना म्हणाली, "समोरून जरा बाजूले सरका. ढलप्या उडतात."

बायका सरकल्या. बापूजी मात्र खाटेवरून हलले नाहीत. त्यांची खाट ओंडक्याच्या अगदी समोर होती. "मी काय लेकरू हाय? मले पाहू दे," ते म्हणाले. कुसुम थोडी घुटमळली, पण सासऱ्याला पुन्हा कसं सांगावं म्हणून गप्प राहिली.

पहिला घाव बसला आणि बाभळीची चीर उघडली. विमलबाई कौतुकानं काहीतरी बोलली. दुसरा घाव पडला. कुऱ्हाड वर जाताना उन्हात पातं चमकलं आणि बयनाबाईला स्पष्ट दिसलं, ते दांड्यावर बोटभर वर सरकलं होतं. तिची नजर पात्यावरून समोर गेली. तिथं बापूजी होते, मान पुढं काढून, लहान पोरासारखे पाहत बसलेले.

"कुसुम, थांब."

ती ओरडली नाही, पण आवाज असा निघाला की सगळ्यांचे हात थांबले. कुसुमनं वर जाणारी कुऱ्हाड तशीच खाली घेतली. दांडा खाली कलला तर पातं आपोआप घसरून तिच्या बुटाशी पडलं.

बायका उठून जवळ आल्या. मग प्रयागबाई म्हणाली, "माय वं. समोर बुढा बसला हाय."

बापूजी पात्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवली. "सूनबाई, तुले तिथं बसून कसं कळलं?"

बयनाबाईचा हात कनवटीकडं गेला. उत्तर विमलबाईनंच दिलं. "घावाच्या आवाजावरून कळलं असन. वर्षानुवर्षाचा हात हाय तिचा."

"बरोबर हाय," बापूजी म्हणाले. "ध्यानात ठेवा सगळ्या. आज माझा जीव बयनानं वाचवला. कुराड या घरची तिचीच."

वर्षभर ज्या शब्दांसाठी ती आतल्या आत झुरली होती, ते आता अंगणात सगळ्यांदेखत पडले होते. ती खाली मान घालून पापड लाटू लागली. पिठाचा गोळा पोळपाटाला चिकटत होता.

कुसुम ओंडक्याभोवती वाकून काहीतरी शोधत होती. "पाचर कुटं पडली असन?" ती म्हणाली. दोघी बायकाही शोधू लागल्या. मिळाली नाही. कुसुम सरळ झाली आणि तिनं बयनाबाईकडं पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "जाऊ द्या. नवी करू."

दुपारी बायका गेल्यावर कुसुम मागच्या गोठ्याच्या सावलीत धावड्याच्या चिवट लाकडाची पाचर तासत बसली. बयनाबाई तिथं गेली. समोर बसली. तिनं कनवटीतून ती बांबूची पाचर काढली आणि दोघींच्या मधे जमिनीवर ठेवली.

कुसुमनं तिच्याकडं पाहिलं. हातातला विळा तिनं खाली ठेवला नाही.

"मले अंगनातच समजलं होतं," ती हळू म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? लगन हाय घरात." तिनं पुन्हा तासायला घेतलं. मग ती म्हणाली, "माझे बाबा रोज सांगत, कोनाच्या बी हातून घेतलेली कुराड हलवून पाह्यल्याबिगर उचलू नको. मी आजवर कदी तशी उचलली नाही. आज तुमी दिली, म्हनून पायली नाही."

बयनाबाईला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, तर सोसलं असतं. हे सोसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या घडीलाही तिच्या पोटातला तो खडा जागचा हलला नाही. उलट तिला वाटून गेलं, गप्प बसणंसुद्धा हिला आपल्यापेक्षा चांगलं जमलं.

"दांडा धरू?" तिनं विचारलं.

"धरा. घट्ट धरा."

बयनाबाईनं दांडा उभा धरला. कुसुमनं पातं बसवलं, पाचर चिरेत टेकवली आणि लाकडी मोगरीनं ठोकली. प्रत्येक ठोक्याचा हादरा बयनाबाईच्या तळहातांतून कोपरापर्यंत जात होता. पाचर पुरती आत गेल्यावर कुसुमनं कुऱ्हाड हलवून पाहिली, मग तिच्या हातात दिली. बयनाबाईनंही हलवून पाहिली.

रेणुकाचं लग्न नीट पार पडलं. त्या दिवसाबद्दल कुसुम घरात कधी कुणाजवळ बोलली नाही, नवऱ्याजवळही नाही. त्यानंतर तीन-चार वर्षं, अमृतरावाला बेल्लमपल्लीला नोकरी लागून ती दोघं तिकडं जाईपर्यंत, दोघी जावा एकाच अंगणात लाकडं फोडत होत्या. आळीपाळीनं बूट घालायच्या. बापूजींची खाट आता कायमची पाठीमागच्या भिंतीला लागली होती. ते कुरकुरायचे, पण दोघींपैकी कुणीही ती पुढं येऊ देत नसे.

बयनाबाईच्या हातून कुऱ्हाड घेताना कुसुम ती न चुकता कानाशी नेऊन हलवायची. बोलणं चालूच असायचं, हसणंही चालू असायचं, हात तेवढं आपलं काम करायचा. बयनाबाई ते पाहायची. ही रीत बरोबरच आहे, हे ती जाणून होती. तरी दर वेळी तिला वाटायचं, यशवंतरावाच्या हातून घेताना कुसुम इतका वेळ लावत नाही.