महाराजांचा बुद्धिदीप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, मग माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढली. एवढा लोंढा कशासाठी, तर आमच्या संस्थेच्या वर्धापनदिनासाठी! मुलींनी विज्ञान शिकावं, यंत्रं हाताळावीत, म्हणून काढलेली ही संस्था. दर शनिवारी मी तिथं मुलींना बिघडलेली उपकरणं उघडायला शिकवते. शनिवारी बारा मुली येतात. आज एवढी गर्दी लोटली, कारण अध्यक्षबाईंनी महाराजांना बोलावलं होतं.

"अहो बाई, संस्थेचं नाव होईल," त्या मला म्हणाल्या होत्या. नाव झालंच. मला मात्र स्वतःच्याच संस्थेची किळस आली.

महाराजांच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला दिवा होता. वायर नाही, बटण नाही. फक्त बूड उघडं.

"हा बुद्धिदीप," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ज्याच्या देहात विज्ञानतत्त्व, त्याच्या हाती हा उजळतो. विश्वलहरी मेंदूत शिरतात, मेंदूतून मनगटात, मनगटातून दिव्यात!"

मधलं कोपर का राहिलं, कोण जाणे.

आधी मुलगे आले. शिष्यानं त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी शिंपडलं. दिवा लागला. टाळ्या! मग मुली आल्या. त्यांच्या तळव्यांवर शिष्यानं पांढरी पूड चोळली, "स्त्रीदेह उष्ण, त्याला शीतल चूर्ण हवं" म्हणून. दिवा लागला नाही. एकीच्याही हातात नाही.

"मुलींनी वाईट वाटून घेऊ नये," महाराज गोड हसले. "विधात्यानं प्रत्येकाला आपापली जागा दिली आहे."

पहिल्या रांगेत अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. मुली आणि यंत्रं या विषयावर त्यांनी आजवर किमान पन्नास भाषणं ठोकली असतील.

माझ्या शेजारी टेस्टर बसली होती. वेणीत कायम टेस्टर खोचलेला असतो म्हणून मुलींनी तिला ठेवलेलं हे नाव. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला तिची निवड झाली होती. अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. तिचे वडील विजेच्या सामानाचे दुकानदार. त्यांनी सही अडवून धरली होती. "महाराज काय म्हणतात ते बघू."

बघितलं. ते उठून म्हणाले, "चल घरी. उगाच वर्षं वाया कशाला घालवायची?"

"पप्पा, तो आपल्या दुकानातला दिवा आहे," टेस्टर म्हणाली. "लाइट गेल्यावर लागतो तो. तुम्ही रोज गिऱ्हाइकांना दाखवता की!"

"दुकानातला दिवा दुकानातला. महाराजांचा महाराजांचा!"

हा माणूस दिवसातून वीसदा अंगठा ओला करून त्या दिव्याच्या बुडाला लावतो, "बघा, लागला" म्हणतो आणि विकतो. तोच दिवा व्यासपीठावर चढला, तर ह्याचे हात जोडलेले!

"जा," मी तिला म्हटलं. ती आधीच व्यासपीठाकडे निघाली होती.

तिच्या तळव्यांवर पूड चोळली गेली. दिवा लागला नाही. सभागृहात कुणीतरी फिदीफिदी हसलं. टेस्टरनं हात ओढणीला खसाखसा पुसले, बोटं जिभेला लावली आणि पुन्हा दिवा धरला.

लख्ख उजेड पडला.

"खाली ठेव!" शिष्य धावला. पण तिनं कोपऱ्यातलं फरशी पुसायचं ओलं फडकं उचललं आणि दिव्याच्या बुडाला लावलं. दिवा लागला.

"महाराज, फडक्यातही विज्ञानतत्त्व आहे का हो?"

मग पहिल्या मुलाच्या हाताला तिनं पूड चोळली. दिवा विझलेलाच. तिनं सोनेरी कागद टराटरा फाडला आणि दिवा उंच धरला. "आत छोटी बॅटरी असते. बुडाची ही दोन टोकं ओल्या बोटानं जोडली, की दिव्याला वाटतं घरातली वीज गेली, आणि तो लागतो. पुडीचा थर मध्ये आला की नाही लागत. संपलं!"

महाराजांना एकाएकी पुढचा कार्यक्रम आठवला. ते मागच्या दारानं सटकले. आणि काही लोक, काय सांगू, त्यांच्या पाया पडायला त्याच दारापर्यंत धावले. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "पाहुण्यांचा अपमान झाला हो."

"आणि मुलींचा?" मी विचारलं. त्या पर्स शोधू लागल्या.

टेस्टरचे वडील मात्र हलले नव्हते. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

"पेन आहे का, बाई?" त्यांनी विचारलं.

साडेचार वाजले होते. पेन धरताना त्यांचा हात घामानं ओला झाला होता. अर्जावरची सही जरा फरपटली, पण वाचता येत होती.

तुम्हाला एवढंच सांगते. आपल्या लेकीच्या हातात काही नाही असं कुणी चारचौघांत सिद्ध करून दाखवलं, तर टाळी वाजवू नका. तिला आधी हात पुसू द्या, आणि पुन्हा करून बघा.