न उघडणाऱ्या फाईली

टाकवे बुद्रुकच्या वाचनालयात राजेश्वरीने धरणात बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टाईप करून ठेवल्या होत्या. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं ती बंद पडली आणि एकही फाईल उघडेना. त्या लिहून घेतलेल्या मूळ वह्या वाचनालयाचे अध्यक्ष कैलासभाऊंनी आधीच रद्दीत घातल्या होत्या. आज ते नव्या सॉफ्टवेअरचा विक्रेता घेऊन आले.

"आमची फाईल फक्त आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एकदम सेफ," विक्रेता म्हणाला.

राजेश्वरीचं डोकं सणकलं. "म्हंजे तुमी गेलात की आमची माणसं पुन्यांदा बुडाली!" ती ओरडली. "भाऊ, कुटल्याबी कॉम्प्युटरवर उघडंल अशी पीडीएफच पायजे. आन् आता मी नव्या वह्या लिवीन, त्यांना कुणी हात लावायचा न्हाई."

कैलासभाऊंनी मान खाली घालून विक्रेत्याला वाटेला लावलं. राजेश्वरीचा राग मात्र उतरला नाही. आठवणी सांगणाऱ्यांपैकी तिघंच आता हयात होते. नवी वही घेऊन ती त्यांच्याकडे निघाली.