छताला टांगायचं नाव

“कप आणला की नाही त्याने? एवढंच सांग,” हार्वी स्टॅडनिक म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं.

व्हर्ना हॅवरिलुकने त्याच्या कोबीच्या रोलवर पळीभर सॉस असा ओतला की निम्मा बाहीवर उडाला. तिने माफीबिफी मागितली नाही. हार्वी क्लबचा अध्यक्ष असेल, तर तो त्याच्या घरी.

मे महिना होता. चर्चच्या हॉलमध्ये आइस हॉकी क्लबचं वार्षिक जेवण चाललं होतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, लिंडाल. सात वर्षं तो संघाचा जनरल मॅनेजर होता. कोणता पोरगा आणायचा, कोणता ठेवायचा, कोणता दुसऱ्या गावाला देऊन बदल्यात कोण घ्यायचं, सगळं त्याच्या हातात. गेल्या आठवड्यात पूर्वेकडच्या मोठ्या शहरातल्या क्लबने त्याला उचललं आणि तो गेलाही. तेव्हापासून पेट्रोलपंपावर, पोस्टात, कॉफीच्या दुकानात गावाला दुसरा उद्योग नव्हता. त्याने चांगला गोलरक्षक हातचा घालवला, हे एकाचं. त्याच्याआधी आपल्याला कुत्रं विचारत नव्हतं, हे दुसऱ्याचं. शेवटी गाडी कपावर येऊन थांबायची, कारण गावाच्या इतिहासात तेवढा एकच कप होता. आता गोड झाल्यावर हात वर करून मतं घ्यायची आणि लिंडालचं नाव रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या छताला, कपाच्या झेंड्याशेजारी टांगायचं, असा हार्वीचा बेत होता.

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड होत होता. चुलीपाशी उभी राहून ती नुसती वाढत होती आणि आतल्या आत धुमसत होती.

संघातली पोरं सगळी लांबून आलेली, सोळा-सतरा वर्षांची. ती गावातल्याच घरांत राहतात, तिथेच जेवतात, तिथूनच शाळेत जातात. व्हर्ना नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर म्हाताऱ्यांना भरवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन या दांडग्यांना, असं तिचं आयुष्य गेलं. नवरा ऑर्व्हल आणि ती, स्वतःचं मूल नाही. पण तिच्या फ्रिजच्या दारावर पोरांच्या फोटोंना जागा पुरत नव्हती.

आणि गावाची एक रीत होती. नवा पोरगा घेतला की जनरल मॅनेजर त्याच्या आईबापांना घेऊन त्या घरी यायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सगळे बसायचे. घरची बाई टार्ट, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ वाढायची आणि मॅनेजर त्या आईबापांना शब्द द्यायचा. लिहिणं नाही, सही नाही. खाल्लं, हात मिळवला, संपलं. लिंडालच्या आधी तो शब्द कुणी मोडला नव्हता.

मायलो बेरुबे व्हर्नाकडे राहायला आला तेव्हा टार्ट बेरीची होती. लिंडालने दोन तुकडे मागून खाल्ले होते.

कॉफीचे पेले फिरायला लागले तसा हार्वी उठला. सामने किती जिंकले, बाद फेरीत कितीदा गेलो, सगळं वाचून झालं. मग तो स्वयंपाकघराकडे वळून गोड आवाजात म्हणाला की ज्या घरांनी पोरं सांभाळली त्यांच्या वतीने आपल्या व्हर्नाने दोन शब्द बोलावेत. मायलो, म्हणजे लिंडालने निवडलेला पहिला पोरगा, तिच्याकडेच होता ना.

व्हर्नाच्या डोक्यात तिडीक गेली. मायलोचं नाव घ्यायची या माणसाची हिंमत होतेच कशी? हातातली पळी तशीच घेऊन ती बाहेर आली.

“लिंडाल माझ्या टेबलाशी बसला होता,” ती म्हणाली. “मायलोच्या आईचा हात हातात घेऊन म्हणाला, पोराची शाळा इथेच पुरी होईल, तोवर तो कुठे जाणार नाही. त्या बाईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. लिंडालकडे नाही, माझ्याकडे. आणि मी मान हलवली. त्या मानेवर विसंबून ती पोरगा ठेवून गेली. शाळेचं शेवटचं वर्ष होतं, जानेवारीत लिंडालने त्याला वर्गातून उठवलं आणि एका वीस वर्षांच्या बचावपटूच्या बदल्यात देऊन टाकलं. संध्याकाळच्या बसने पोरगा गेला. त्याच्या आईला मी फोनवर काय सांगायचं होतं, ते सांगा मला कुणीतरी.”



“अगं, खेळ असाच असतो,” हार्वी म्हणाला. “पोरांनाही ते ठाऊक असतं. आणि त्या बचावपटूमुळेच कप आला. कपाच्या मिरवणुकीत तूही नाचलीस की.”

ते झोंबलं, कारण खरं होतं. अग्निशमन दलाच्या गाडीमागे ती नाचली होती, गळ्यात संघाचा मफलर घालून.

“नाचले,” ती म्हणाली. “आणि लाज वाटते मला. तुम्हाला वाटत नाही, एवढाच फरक. जिंकलेले सामने मोजायचे तर खुशाल मोजा. पण ज्याने माझ्याच घरात बसून मला खोटं पाडलं, त्याच्यासाठी माझ्याकडे चांगले शब्द मागू नका. आणि पुढच्या मॅनेजरने माझं टेबल मागू नये.”

हार्वीने खाकरून मतं मागितली.

हात वर गेले. एकेक करत सगळ्या टेबलांवरचे. ऑर्व्हलचासुद्धा. बायकोकडे न बघता त्याने तो खांद्याएवढाच उचलला, पण उचलला. घरी गेल्यावर याचं काय करायचं ते तिने मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. तिथे रिंकचं जॅकेट घातलेला मायलो उभा होता. त्याचा हात सगळ्यांपेक्षा उंच होता.

त्या बसने गेल्यावर मायलोने आणखी दोन गावं बदलली. मग गुडघा गेला. शाळा राहिली ती राहिलीच. गेल्या हिवाळ्यात तो परत इथे आला आणि रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायला लागला. व्हर्नाकडची त्याची खोली तोवर दुसऱ्या पोराला दिलेली होती.

तो भांडी पुसायला आत आला, तेव्हा तिने नळ जोरात सोडला.

“तुझ्यासाठी भांडले मी सगळ्या गावाशी,” ती म्हणाली. “आणि तू हात वर करतोस? अक्कल गहाण टाकलीस का?”

मायलोने एक ताट पुसलं, मग दुसरं घेतलं.

“कपावर माझं नाव नाही, व्हर्ना. पण माझ्या बदल्यात आला तो कप. लिंडालचं सगळं चुकलंच असं ठरलं, तर मी कशासाठी गेलो? फुकटच?”

व्हर्नाने नळ बंद केला. या पोरालाही दोन शब्द सुनवावेत, असं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. लिंडालचा राग कमी झाला नव्हता, उलट वाढला होता, कारण त्याने या पोराकडून नेलं होतं ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं.  पण ती एक ताट उगाचच पुन्हा घासत राहिली.

नावाचं कापड आधीच शिवून तयार होतं. हार्वीच्या बायकोने ते पिशवीतून काढलं तेव्हा व्हर्ना म्हणाली, मग मतांचा तमाशा कशाला केलात? कुणी ऐकलं नाही. सगळे शेजारच्या रिंकमध्ये गेले. सीझन संपल्यामुळे बर्फ वितळवलेला होता आणि खाली नुसतं ओलं सिमेंट होतं. टांगायचं काम रिंकवरच्या माणसाचं, म्हणजे मायलोचं. खांद्यावर कापड टाकून, दुखरा पाय जपत तो शिडी चढला. पुरुषमंडळी खिशात हात घालून पुढच्या मोसमाच्या गप्पा मारत होती. वर पोहोचून तो एका बाजूला वाकला तशी शिडी हलली.

व्हर्ना तरातरा पुढे गेली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

“सरळ आहे का?” मायलोने वरून विचारलं.

ते नाव तिला वाचायचं नव्हतं. तरी तिने मान वर केली आणि नीट पाहिलं.

“डावी बाजू जरा वर घे,” ती म्हणाली.