मला मागे घ्या

मी एक शोधनिबंध बोलतोय. शोधनिबंधाला लोक वाचतात, निदान वाचल्यासारखं करतात. त्याचं ऐकत कुणी नाही. पण माझ्या पोटात खोटं आहे आणि ते मला पचत नाही.

माझा जन्म झरी गावच्या कापसाच्या रानात झाला. सुकेशनी परभणीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. बोंडांच्या टोकांनी वेचणीवाल्या बायांची बोटं चिरतात, म्हणून एका संस्थेनं रबरी हातमोजे वाटले होते. त्यांचा उपयोग होतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. ती बायांबरोबर कापूस वेचायची आणि जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसून त्यांचे हात बघायची.

तिची मावशी सरजाबाई त्यांच्यातच होती. तिनं तळहात पुढं केले. "घामानं उकडल्यावानी होतेत बाई. कातडं सोलून निघायलंय. त्याच्यापरीस जुन्या लुगड्याची चिंधी लय बरी."

"मग मोजे कुठं गेले, मावशी?"

"नातवानं फुगवले. म्हशीची कास दिसायलीय नुस्ती!"

साऱ्या बाया हसल्या. सुकेशनी हसत हसत लिहीत होती. तिथंच मी जन्मलो. मोज्यांनी हात सोलतात, चिंधी बरी, असं मी सरळ सांगत होतो.

लग्नपत्रिकेवर थोरांची नावं आधी घालतात. सुकेशनीनं त्याच रीतीनं माझ्या माथ्यावर मार्गदर्शक माणिकराव सरांचं नाव आधी घातलं, आपलं खाली. संपर्कासाठी ईमेलही सरांचाच दिला. मोठ्यांच्या पुढं कसं जायचं, हा तिचा संस्कार. तोच तिला नडला.

सरांनी मला वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "मोजे निरुपयोगी? हे कोण छापणार? शोध म्हणजे काहीतरी लागला पाहिजे. ठेवून जा, मी बघतो."

त्यांनी बघितलं. 'जखमा वाढल्या' होतं तिथं 'जखमा कमी झाल्या' आलं. झरीच्या बायांना जिंतूरच्या, देवगाव फाट्याच्या बाया जोडल्या. त्या बायांना कुणी भेटलंच नव्हतं. 'तज्ज्ञांनी तपासलेला' असं माझ्या कपाळावर छापलंय. मला तर एकाही तज्ज्ञाची नजर पडल्याचं आठवत नाही. आठवडा सरायच्या आत मी एका शोधपत्रिकेत छापून आलो.

सुकेशनी मला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, ह्या जिंतूरच्या बाया कोण?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं. निबंध छापल्याशिवाय तुझा प्रबंध जमा होईल का?"

"पण मावशीचे हात सोललेत, सर."

"मग मावशीलाच गाईड कर ना!"

तिनं संपादकांना कळवलं, निबंध मागे घ्या, तो खोटा आहे. उत्तर आलं, ज्यांचा ईमेल दिला आहे त्यांनीच विनंती करावी. सर कशाला करतील? मग तिनं लिहिलं, निदान माझं नाव तरी काढा. ते मात्र लगेच झालं. खोटं तसंच राहिलं, आई तेवढी पुसली गेली.

तिचा प्रबंध अजून अडकलेला आहे. सर सही करत नाहीत. मी मात्र त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या चौकटीत आहे. येणारे-जाणारे मला बघून त्यांचं अभिनंदन करतात.

यंदा वेचणीच्या सुरुवातीला झरीत मोज्यांची नवी खोकी उतरली. खोक्यातल्या माहितीपत्रकावर माझा दाखला होता. सरजाबाईनं भाचीला बोलावून घेतलं. "सुके, तुझ्याच कागदानं आणलेत म्हणं. पुन्हा घालायचे का हे?"

"तो माझा न्हाई राहिला, मावशी."

"हात आमचे, मेहनत तुझी. मग कागद कुणाचा?"

सुकेशनीनं माहितीपत्रकावरच्या सरांच्या नावावर बोट ठेवलं.

वाचकहो, सगळे आयुष्य मागतात, मी मरण मागतो. ज्यांच्या हातात असेल त्यांनी माझ्या प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असं मोठ्या अक्षरांत आडवं छापावं. मला लाज वाटणार नाही. लाज आता वाटते.

आणि तोवर, झरीच्या बायांनो, माझं ऐकू नका. चिंधीच बांधा.