तळातला दुसरा पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. आता "कुठला पंप?" असं विचारू नका, तो प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी विहिरीवरचा नाही, सायकलचा नाही, पेट्रोलचा तर नाहीच नाही. मी मोटारगाडीतला पाण्याचा पंप आहे, आणि त्यातही दुसरा. पहिला पंप इंजिनाला चिकटून ऐटीत बसतो, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मी खाली, पुढच्या बंपरच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन रबरी नळ्यांच्या मधे बसायचो. अंगाने तुमच्या मुठीएवढा.

माझं काम काय ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. गाडीच्या इंजिनाला थंड ठेवायला एक गुलाबी पाणी फिरत असतं. त्याला कूलंट म्हणतात. गाडी चालू असते तोवर ते फिरवायचं काम मोठ्या पंपाचं. पण गाडी बंद केली, की मोठे साहेब लगेच हात झटकून मोकळे! इंजिन मात्र अजून तापलेलंच असतं. तेव्हा मी विजेवर चालू होतो आणि पाच-सात मिनिटं ते पाणी हळूहळू फिरवत राहतो. माणसं उतरतात, पिशव्या काढतात, दारं लावून निघून जातात, आणि मग माझी ड्युटी सुरू होते. बंद गाडीतून बारीक घूं-घूं आवाज कधी ऐकला असेल, तर तो माझ्या भाऊबंदांचा समजा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवलं आणि बुडबुडा येतो का ते वाकून, अगदी नाक पाण्याला टेकेस्तोवर बघितलं. एकही आला नाही. "झकास!" असं त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. पुढच्या नऊ वर्षांत मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. मी ती जपून ठेवली आहे.

ज्या गाडीत मी बसलो, ती दोघांची होती. वडील आणि मुलगी. मुलगी एका छापखान्यात काम करायची. तिच्या बोटांना शाईचा वास असायचा आणि बोलणं फटाफट. वडिलांना ती बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. बाबांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या खात्यात केली होती. गावाच्या मोठ्या टाकीचे पंप ते चालवायचे. टाकीवर एक लाल रेघ होती. पाणी त्या रेघेखाली गेलं, की बाबा पंप सुरू करणार. रेघेच्या वर आलं, की बंद. तीस वर्षं ती रेघ त्यांनी हलू दिली नाही. पाणी मधे कुठे गळतं, कोणाच्या रस्त्यात मुरतं, ते बघणारं खातं वेगळं होतं. बाबा अभिमानाने सांगायचे, "आपलं काम पातळी राखायचं. बाकीचं ज्याचं त्याने बघावं."

निवृत्त झाल्यावर बाबांच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी बरोबर नऊला, त्यांना दवाखान्यातल्या यंत्राला जोडायचे. ते यंत्र चार तास त्यांचं रक्त साफ करून परत अंगात सोडायचं. त्या तिन्ही दिवशी मुलगी छापखान्यात उशिरा जायची आणि बाबांना आमच्या गाडीतून न्यायची. हे इतकं महत्त्वाचं काम, आणि त्यात माझाही वाटा होता, म्हणून माझी छाती फुगायची. बाबांना प्यायला मात्र दिवसाला एकच बाटली पाणी होतं. जास्त प्यायले, तर ते पाणी अंगातच साठायचं आणि पाय सुजायचे. ज्या माणसाने अख्ख्या गावाला पाणी पाजलं, त्याच्यावर घोट मोजून प्यायची वेळ आली, याचं मला फार वाईट वाटायचं.

आठव्या वर्षी माझ्यात खोट निर्माण झाली. माझं झाकण आणि माझं अंग यांच्यामधे एक रबरी रिंग असते. ती कडक झाली, आणि तिथून थेंब थेंब कूलंट झिरपू लागलं. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लपवून काय उपयोग? थेंब जमिनीवर पडले असते, तर कोणाच्या तरी नजरेला आले असते. पण माझ्या खाली प्लॅस्टिकचा पत्रा होता. थेंब त्याच्यावर पडायचे, गरम हवेने वाळायचे आणि गोडसर वासाची गुलाबी-पांढरी खपली तेवढी मागे उरायची.

हे कळलं फक्त बाबांना, आणि तेही अर्धवट. रोज सकाळी मुलगी आंघोळीला गेली, की ते गाडी पुसायला खाली यायचे. एकदा त्यांनी बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघा पाहिल्या. पाणी खालच्या रेघेच्याही खाली होतं. रेघ म्हटल्यावर काय, बाबांचा हात आपोआप चालला! त्यांनी नळावरून पाण्याचा मग भरून आणला आणि टाकीत ओतला. पातळी वर आली. बाबा समाधानाने म्हणाले, "पी बाबा, पी. मला नाही मिळत, तू तरी पोटभर पी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मगभर पाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांच्या हाताला ती सवयच लागली. मुलीला त्यांनी चकार शब्द सांगितला नाही. एकदा ती गाडीत बसता बसता म्हणाली, "बाबा, कसला तरी गोडसर वास येतोय."

"छे! तुझ्या नाकालाच शाई लागली असेल," बाबा म्हणाले, आणि काच खाली केली.

ते का सांगत नव्हते, ते मला एका सकाळी कळलं. मगातलं पाणी ओतताना ते स्वतःशीच पुटपुटले, "आधीच पोरीच्या गळ्यात माझं लोढणं, त्यात गाडीचं आणखी कशाला?" मित्रांनो, गाडी रात्रभर बंद असल्याने माझं घूं-घूं तेव्हा थांबलेलं होतं, नाहीतर मी ओरडून सांगितलं असतं की अहो, हे पाणी माझ्या जिवावर उठलंय! नळाच्या पाण्याने गुलाबी कूलंट पातळ होत गेलं. माझ्या आत पांढरा क्षार बसला, रिंग आणखी झिजली आणि थेंबाची बारीक धार झाली. बाबांच्या मायेत काही कमी नव्हतं, पण त्या मायेनेच माझं दुखणं वाढत होतं.

मग उन्हाळा आला. एका दिवशी बाबा खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी वाट बघत राहिलो. टाकीतलं पाणी तळाला लागलं. तिसऱ्या दिवशी यंत्राचा वार होता. मुलगी बाबांना हाताला धरून घेऊन आली, तेव्हा ते फार सावकाश चालत होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. चप्पल चावतेय."

निम्म्या वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. घंटी वाजली. मुलीने गाडी कडेला घेऊन बंद केली, तशी बॉनेटमधून वाफ निघाली. मी माझ्या सवयीने चालू झालो, पण फिरवायला पाणीच नव्हतं. कोरड्या घशाने मी नुसता खरखरत राहिलो. त्या आवाजाची मला आजही शरम वाटते.

बाबा खाली उतरले. त्यांच्या हातात त्यांची दिवसाची बाटली होती. "बॉनेट उघड. एवढं ओतलं की चालेल," म्हणत त्यांनी टाकीच्या झाकणाकडे हात नेला.

"बाबा, हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की त्यांचा हात हवेतच राहिला. तापलेल्या गाडीचं ते झाकण उघडलं असतं, तर उकळतं पाणी उसळून त्यांच्या तोंडावर आलं असतं. तिने त्यांना मागे ओढलं. मग दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या नर्सबाई म्हणाल्या, "दहापर्यंत थांबते. त्यानंतर यंत्र पुढच्या पेशंटला द्यावं लागेल. पण काकांचा आजचा वार चुकवू नका हं, मागचा रिपोर्ट बरा नाहीये." तिने दुसऱ्या गाडीसाठीही फोन केले. एकजण येतो म्हणाला आणि आलाच नाही.

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहून बॉनेटकडे बघत होती. माझ्या एवढ्याशा रिंगेपायी एका माणसाचं यंत्र हातचं जाणार होतं. मी मनातल्या मनात इंजिनाला विनवत होतो, "निव रे बाबा, लवकर निव." साडेनऊला मुलीने जाड फडकं घेऊन, तोंड बाजूला करून झाकण हळूच सैल केलं. फुस्स झालं आणि वाफ विरली. बाबांनी आपली बाटली टाकीत रिकामी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. ते त्यांचं अख्ख्या दिवसाचं पाणी होतं. मी ते घटाघटा प्यायलो.

दहाला चार मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण थोडाच वेळ. यंत्राला जोडण्याआधी बाबांचं वजन करतात. नर्सबाईंनी काटा पाहिला, पायजमा वर केला आणि बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. "काका, ही सूज आजची नाही. किती दिवस झाले?" बाबा पायजमा खाली ओढू लागले. मी तेव्हा खाली गाडीत होतो. हे सगळं मला नंतर मुलीच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

दुपारी गाडी ओळखीच्या गॅरेजमधे गेली. त्या गॅरेजच्या मालकीणबाईंना सगळे ताईच म्हणत. कामात वाघीण, आणि तोंडही तसंच. इंजिन निवलं होतं. ताईंनी टाकीच्या तोंडावर हवेचा हातपंप लावला आणि आत दाब भरला. त्याच्यावरचा काटा हळूहळू उतरू लागला. "म्हणजे गळतंय. कुठे, ते बघू," म्हणत त्या गाडीखाली सरकल्या. खालचा पत्रा त्यांनी काढला, बॅटरीचा उजेड धरला, कोपऱ्यात छोटा आरसा घातला आणि त्यात माझा चेहरा दिसला. तो खपल्यांनी भरलेला होता आणि हनुवटीवर थेंब लोंबत होता.

"अरे, हा दडून बसलाय होय इथे!" ताई म्हणाल्या. नऊ वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे वाकून बघत होतं.

त्या बाहेर आल्या आणि टाकीतलं पाणी त्यांनी बोटावर घेतलं. "हे कूलंट नाही, हे नळाचं पाणी आहे. ही गळती वर्षभराची असणार. मग इतके दिवस गाडी चालली कशी? यात पाणी कोण टाकतंय?"

मुलगी म्हणाली, "कोणीच नाही." आणि मग तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा खुर्चीत बसले होते. यंत्रावरून उठल्यामुळे थकलेले. ते खाली मान घालून म्हणाले, "मी. रोज मगभर."

"काका, तुम्ही तर पंपवाले ना?" ताईंनी डोक्याला हात लावला. "गाडीत दुसरा पंप असतो, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नव्हतं गं बाई. तीस वर्षं पंप चालवले, आणि माझ्याच गाडीतला मला माहीत नाही." बाबा कसनुसं हसले. "मी पातळी बघत राहिलो. उतरली की भर, उतरली की भर."

मुलगी हसली नाही. "आणि पाय? तेही असेच झाकून ठेवलेत? दोन दिवस तुम्हाला जिना उतरवत नव्हता, म्हणून गाडीत पाणी पडलं नाही, म्हणून आज ती बंद पडली. बाबा, आज दहाची वेळ चुकली असती तर? मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"मग आज सकाळी मला काय झालं, मजा झाली?"

ताई उगाचच पाना शोधू लागल्या. बाबा म्हणाले, "चुकलं माझं." त्या बापलेकींना तसं बघून मला रडू आलं. लोक म्हणतील गळत होतास, रडतोस कसला!

ताईंनी दोन्ही नळ्या चिमट्यांनी दाबल्या, माझी वायर सोडवली, एक बोल्ट फिरवला आणि मला बाहेर काढलं. माझ्या जागी नवा पंप बसला. नळाचं सगळं पाणी काढून त्यांनी नवं गुलाबी कूलंट भरलं, नळ्यांत अडकलेली हवा काढली आणि पुन्हा दाब देऊन पाहिलं. काटा जागचा हलला नाही. ताई मला भंगाराच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तो मला द्या."

तेव्हापासून मी त्यांच्या खोलीतल्या खिडकीत आहे. त्यांनी माझ्या खपल्या जुन्या ब्रशाने घासून काढल्या. माझ्याशेजारी त्यांची दिवसाची बाटली असते. आयुष्यात पहिल्यांदाच मला ऊन लागतंय. खालून गाडी आली, की नव्या पंपाचं घूं-घूं मी कान देऊन ऐकतो. बरं काम करतो पोरगा.

परवाची गोष्ट. सकाळी बाबा पलंगावर बसले होते. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. त्यांनी पायजमा झटकन खाली ओढला आणि खिडकीकडे वळले. आमची दोघांची नजरानजर झाली. मग त्यांनी घसा खाकरला आणि हाक मारली, "अगं ए, इकडे ये जरा. पायाला सूज आलीय. आजच आलीय."

ती तोंडात ब्रश घेऊनच धावत आली. खाली बसून तिने पाय पाहिला, फेसाळ तोंडाने काहीतरी बोलली, जे आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि फोन आणायला पळाली. बाबांनी पायजमा वरच राहू दिला.

मित्रांनो, तुमच्या घरात कशाची तरी पातळी रोज थोडी उतरत असेल. ती भरणारा माणूस शहाणा वाटतो, आणि असतोही मायाळू. पण एकदा खाली वाकून, आरसा धरून बघा, गळतंय कुठे. आणि गळणारे तुम्हीच असाल, तर कोणाला तरी हाक मारा. त्याच्या तोंडात ब्रश असला, तरी मारा.