नळीबाबाचे जंत आणि आयोडीनचा थेंब

या, अशा पुढे सरकून बसा. बुवांचा चहा व्हायचाय, पखवाजाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. ऐकताना नाकाला पदर लावावा लागेल, पण हसूही येईल.

बासष्ट साल. आमचं गाव अंजनगाव सुर्जीपासून दोन कोसांवर. चैत्रात मारुतीच्या पारावर एक नळीबाबा उतरला. भगवी कफनी, गळ्यात कवड्या, हातात बांबूची वीतभर नळी. दर मंगळवारी पारावर ही गर्दी! ज्याचं पोट दुखे त्याला बाबा आडवं पाडी, बेंबीवर नळी टेकवी, गाल आत ओढून सूंऽऽ करून शोषी आणि समोरच्या परातीत पिचकन थुंके. पाण्यात पांढरे, लांब जंत! परातीला हळूच धक्का दिला की जंत वळवळत.

"पाहा जी, पाहा! सात पिढ्यांचे जंत! डॉक्टर टोचते, कापते. बाबा फक्त सुस्कारा मारते! बोला बजरंगबली की..."

"जय!" लोक ओरडत. मीही ओरडत होतो. टाळ माझ्याच हातात होते. देवाचं नाव कानावर आलं की माझे पाय तिकडे वळतात, त्याला काय करणार?

आमच्याच आळीतल्या सूर्यभानची बायको गोदाबाई लेकीला घेऊन पारावर आली. गोदाबाईच्या हातच्या शेवयांना पाच गावांत तोड नव्हती; लग्नघरी तिला बोलावून नेत. पण लेक मैना आठ वर्षांची, ओठ पांढरे, पोट माठासारखं, चार पावलांत धाप. लपूनछपून भिंतीचे पोपडे खाई. आदल्याच आठवड्यात अंजनगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रक्त फार कमी झालंय. आधी शौच तपासू."

तपासणारा धर्मपाल, आमच्याच गावच्या डोमाजीचा मुलगा. मॅट्रिक होऊन, अमरावतीला शिकून सरकारी नोकरीला लागलेला. त्यानं गोदाबाईला रिकामी काडेपेटी दिली. "हिच्यात बोराएवढं आणजा."

"अवं माय! काडेपेटीत? आन् हातात धरून गावातून येऊ मी?"

ती लाजेनं घरी गेली आणि मंगळवारी बाबाकडे. बाबानं मैनेच्या बेंबीतून तीन जंत काढले. बुधवारी गोदाबाई ऐटीत दवाखान्यात हजर.

"घ्या भाऊ. तुमी घाण मागत होते, मी जंतच आनला. परातीतून उचलला. आता तपासाचं काहून?"

धर्मपालनं पेटी उघडली. जंत वाळून कडक झाला होता. चिमट्यानं धरताच कटकन मोडला. रोजच्या सवयीनं त्यानं तुकडा काचपट्टीवर ठेवला, पाण्याचा थेंब टाकला, आयोडीनचा थेंब टाकला. तुकडा निळा-काळा!

"बाई, जंताले हे लावलं तं तो पिवळा पडते. निळं पडते ते पीठ." त्यानं आपल्या डब्यातली भाकर मोडून तिच्यावर थेंब टाकला. भाकरही निळी! "हे गव्हाचं पीठ हाय. शेवई हाय ही."

गोदाबाईनं तुकडा बोटांत चोळला. "शेवई? एवढी जाड? अशी तं माही आंधळी सासूबी वळत नव्हती!"

"हसू नका बाई," धर्मपाल म्हणाला. "बाबाचं ऐकून बसलात तं पोटातले खरे जंत पोरीचं रक्त पेतच राहतीन. उशीर झाला तं हातची जाईन पोर."

गोदाबाईनं काडेपेटी पदरात बांधली. मग म्हणाली, "थांबा. पेटी आनतो. पन येत्या मंगळवारी तुमी पारावर या. थे बाटली घेऊन."

दुसऱ्या दिवशी ती पेटी पदराखाली घेऊन भर बाजारातून गेली. शेजारच्या लीलाबाईनं विचारलं, "काय नेऊन राहिली वं?" ती म्हणाली, "माह्या पोरीचा जीव!"

मंगळवारी धर्मपाल आला. बाबा गावातल्याच पुंजारामच्या पोटाला नळी लावणार, तोच तो म्हणाला, "बाबा, आधी चूळ भरा."

"कायले?"

"तोंड रिकामं हाय, थे लोकायले दिसू द्या."

बाबाचा गाल फुगलेला. महादेवराव पाटील गुरगुरले, "कालचा डोमाजीचा पोरगा, आज बाबाले शिकवते!"

गोदाबाई फणकारली, "तो शिकला म्हून शिकवते, पाटील! तुमाले परातीतला जंत वळखू आला का?" आणि तिनं पाण्याचा लोटा बाबाच्या तोंडाशी नेला. बाबाला ठसका लागला आणि गालातला शेवयांचा गोळा परातीत पडला. धर्मपालनं वरून थेंब टाकले. पांढरे जंत निळे-काळे!

बाबाही भारी. लगेच हात वर. "पाहा जी! जंताचं जहर उतरलं! निळकंठाची लीला!"

गोदाबाईनं पदरातून घरच्या शेवया काढून परातीत टाकल्या. "टाका भाऊ, यायच्यावरबी." त्याही निळ्या. "माह्या शेवयायतबी जहर हाय का रे भामट्या? लग्नाच्या पंगतीत वाढल्या म्या त्या!"

आधी पुंजाराम हसला, मग सगळा पार. नळी तिथंच टाकून बाबा परतवाड्याच्या रस्त्याला लागला. मी टाळ खाली ठेवले. लाज वाटली.

आता खरं ऐका. मैनेच्या पेटीतला शौचाचा कण धर्मपालनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याचा आरसा उन्हाकडे वळवला आणि गोदाबाईला डोळा लावायला सांगितला. लंबगोल अंडी, पातळ कवचाची, आत दाण्यांचा गोळा. तिच्या लेकीचं रक्त पिणाऱ्या जंतांची ती अंडी. आपण उघड्यावर शौचाला बसतो, त्याच ओल्या मातीत अनवाणी फिरतो, आणि अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या तळव्यांतून आत शिरतात. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग लोहाच्या गोळ्या. पावसाळा सरता सरता मैनेच्या ओठांवर रंग चढला आणि ती पळताना धापा टाकेनाशी झाली.

मी देवाला मानतो, मरेपर्यंत मानीन. पण देवानं डोळे दिले ते मिटून जय म्हणायला नाही. कुणी चमत्कार दाखवला तर आधी तोंड उघडायला सांगा, आणि दवाखान्यानं डबी दिली तर लाजू नका, भरून न्या. आमच्या धर्मपालनं तीस वर्षं लोकांची घाण काचेवर ठेवून पोरं वाचवली. त्याला कुणी हार घातला नाही. आज भजनात मान डोलावताना त्याचीही आठवण ठेवा, एवढंच मागणं.