चोचीतला मासा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या नळीला पोचा आलाय आणि पट्टा चांभाराकडून शिवून घेतलेला. पण भिंगं अजून ठणठणीत आहेत. तेच तर दुखणं आहे. मेलं सगळं स्पष्ट दिसतं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, आपण जहाजावर जाणार. गेले कुठे, तर एका बस ड्रायव्हरच्या घरी! पण तक्रार नव्हती. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की तो आणि त्याची बायको मला घेऊन जवळच्या दरीत जात. त्याला पक्ष्यांचं वेड, तिला चतुर किड्यांचं. ती दवाखान्यात नर्स, हात अगदी हलका. पाण्यातून नुकताच बाहेर आलेला चतुर काडीला धरून पंख वाळवत बसला, की ती मला उलटी धरून अगदी जवळून त्याच्या पंखांच्या शिरा बघायची.

"अहो, बघा तरी, काय नक्षी आहे!"

मग मी त्याच्या हातात. भांडण व्हायचं ते एवढंच, की दुर्बीण आता कोणाकडे. आणि दोघांचा एक नियम होता. दरीत दिसलेलं दरीतच ठेवायचं, बाहेर बोलायचं नाही.

एका उन्हाळ्यात ओढ्याच्या काठच्या मातीत खंड्या पक्ष्याने बीळ केलं. आतून पिल्लांची चिरचिर ऐकू यायची. ड्रायव्हरच्या पोटात ही गोष्ट काही राहीना. दरीजवळच्या वळणावर थांबा नसतानाही तो बस उभी करायचा. "उतरा इथं, खाली ओढ्यावर जा. असा पक्षी जन्मात बघितला नसेल!" प्रवासी वाहवा करायचे आणि स्वारी खूश.

पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो, तर बिळासमोर ही गर्दी! कॅमेरे काय, खुर्च्या काय, खाण्याचे डबे काय. आठवडाभर हेच चाललं होतं म्हणे. बाईंनी मला डोळ्यांना लावलं. खंड्या चोचीत मासा धरून फांदीवर बसला होता. बिळाकडे झेपावायचा, माणसं बघून माघारी फिरायचा. चिरचिर कुठेच नव्हती.

"अहो, सरका ना बाजूला! पिल्लं उपाशी आहेत," ती कळवळून म्हणाली.

"ताई, एकच फोटो," एकजण म्हणाला. दुसऱ्याने ड्रायव्हरला ओळखलं. "अरे, हेच ते! यांनीच तर आपल्याला इथं उतरवलं!"

ड्रायव्हरने मान खाली घातली. लोक पांगले तेव्हा फार उशीर झाला होता. खंड्या मासा घेऊन बिळात गेला आणि मासा घेऊनच बाहेर आला.

घरी येताच बाईंनी मला खिळ्याला अडकवलं.

"एक गोष्ट पोटात राहिली नाही ना तुमच्या?"

"अगं, मी कोणाचं वाईट चिंतलं होतं का?"

"ते पिल्लांना सांगा जाऊन."

तेव्हापासून मी खिळ्यालाच आहे. उन्हाळा आला की तो मला काढतो, पुसतो आणि हळूच विचारतो, "जायचं का?" ती कपड्यांच्या घड्या घालत राहते. तो मला पुन्हा खिळ्याला लावतो.

मित्रांनो, माझी भिंगं जपा असं मी म्हणणार नाही. मऊ फडक्याने पुसणं सोपं असतं. तुम्हाला कधी एखादं घरटं दिसलं, तर डोळे भरून बघा आणि गप्प घरी या. तेवढं सुद्धा माझ्या माणसाला जमलं नाही.